जुन्या रेकॉर्डी, फोनो आणि त्याभोवतीचं सगळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या माळ्यावरून पेटी खाली येते, कुणाच्या सासऱ्यांच्या कपाटात शंभर रेकॉर्डी निघतात, आणि प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. दर वेळी तेच उत्तर टाइप करून कंटाळलो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. मी पुण्यात राहणारा हौशी माणूस आहे. रेकॉर्डी विकत नाही (हाही प्रश्न रोजचाच), आणि दुरुस्ती करतो ती फक्त स्वतःच्या यंत्रांची, तीही आधी बिघडवून शिकलेली.

१. रेकॉर्ड, तबकडी, एलपी, ईपी, ७८ यांत फरक काय?

रेकॉर्ड आणि तबकडी एकच. बाकीची नावं आकार आणि वेग सांगतात. सगळ्यांत जुनी ती ७८. मिनिटाला ७८ फेरे, बहुतेक दहा इंची, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. बारा इंची असेल तर चार-साडेचार. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली: बारा इंची, ३३ १/३ फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं. ४५ फेऱ्यांची सात इंची रेकॉर्ड पुढच्याच वर्षी निघाली. आपल्या घरांत ती आली ईपी म्हणून, म्हणजे चार गाणी, दोन इकडे, दोन तिकडे.

भारतात ७८ फार उशिरापर्यंत टिकली, कारण खेड्यापाड्यांत वीज नव्हती आणि चावीचे फोनो (म्हणजे ग्रामोफोन) होते. बीटल्सची गाणीसुद्धा साठच्या दशकात इथे ७८ वर निघाली. परदेशातले संग्राहक आज त्या रेकॉर्डी शोधत फिरत असतात.

२. माळ्यावर रेकॉर्डी सापडल्या. लाखेच्या आहेत की प्लास्टिकच्या, कसं ओळखायचं?

हातात घेतल्या घेतल्या कळतं. लाखेची रेकॉर्ड जड आणि ताठ असते. नखाने कडेला हलकी टिचकी मारली तर चिनी मातीच्या बशीसारखा आवाज येतो, प्लास्टिकची बद्द वाजते. खाचाही लाखेच्या रेकॉर्डवर नुसत्या डोळ्यांना मोकळ्या मोकळ्या दिसतात. वाकवून मात्र बघू नका. लाखेची असेल तर तिचे दोन तुकडे हातात येतील, आणि मग ओळख पटून उपयोग नाही.

ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची, बांगड्यांची तीच. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून रेकॉर्डी दाबत. जगभरच्या रेकॉर्डींना लागणारी लाख मुख्यत्वे आपल्याच देशातून जायची. दगडाची पूड लक्षात ठेवा, प्रश्न ४ मध्ये ती पुन्हा येणार आहे.

३. आजोबांच्या चावीच्या फोनोवर एलपी लावली तर चालेल का?

नाही. एकदाच, गंमत म्हणून, मुलांना दाखवायला, तरीही नाही. चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स (सुई धरणारी गोल डबी) शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकतो आणि खाली पोलादी सुई असते. एलपीच्या खाचा त्या सुईच्या टोकापुढे केसासारख्या. पहिल्याच फेऱ्यात नांगर फिरतो. उलट प्रकार, म्हणजे एलपीच्या बारीक सुईनं ७८ वाजवणं, रेकॉर्डला तितका घातक नाही. पण सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. ७८ ला तिची वेगळी, जाड टोकाची सुई लागते. बऱ्याच जुन्या विजेच्या प्लेअरांत उलटसुलट फिरवायची जोडसुई असायची, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. तुमच्याकडे ती असेल तर आधी ती बाजू बघा, मग रेकॉर्ड लावा.

४. फोनोची सुई खरंच दर गाण्याला बदलायची? दुकानदार मला बनवतोय का?

नाही, तो खरं सांगतोय. पोलादी सुई एका बाजूपुरती. लाखेतली दगडाची पूड सुई घासून खाचेच्या आकाराची करते. दुसऱ्या बाजूला तीच सुई लावली की आता घासायची पाळी रेकॉर्डची. म्हणून तर सुया दोनशे-दोनशेच्या पत्र्याच्या डब्यांतून मिळायच्या. (ते डबे आज रिकामेच विकले जातात, आतल्या सुयांपेक्षा महाग.) विजेच्या प्लेअरची हिऱ्याची सुई ही वेगळी गोष्ट. ती काही शे तास चालते.

५. नव्याने सुरुवात करायची आहे. कुठला प्लेअर घेऊ?

आधी सांगा, घरात कुठल्या रेकॉर्डी आहेत? निम्म्या लोकांकडे फक्त ७८ असतात आणि ते दोनच वेगांचा नवा प्लेअर घेऊन येतात. खोक्यावर ७८ चा वेग लिहिलाय का बघा, आणि ७८ ची सुई वेगळी मिळते का, तेही विचारा. नुसता वेग असून भागत नाही.

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त नवे प्लेअर दिसायला गोड असतात. पण बहुतेकांत सुईचा भार कमीजास्त करता येत नाही आणि स्पीकर त्याच डब्यात, म्हणजे स्वतःच्याच आवाजानं सुई थरथरते. ऐकायची हौस असेल तर भार बदलता येणारा हात आणि वेगळे स्पीकर घ्या. जुना हवा असेल तर गॅरार्ड किंवा फिलिप्सचा चालू स्थितीतला बघा. एचएमव्हीच्या फिएस्टा प्लेअरवर माझा जीव आहे, आमच्याकडे लहानपणी तोच होता. पण त्याची शिफारस करताना माझ्यातला दहा वर्षांचा मुलगा बोलतो, कान नव्हे.

६. नवा प्लेअर अँप्लिफायरला जोडला. आवाज मुंगी बोलल्यासारखा येतो. खराब निघाला का?

नाही. मधे फोनो प्रीअँप राहिलाय. चुंबकी कार्ट्रिजमधून (सुई जिच्यात बसते ती डबी) निघणारा विजेचा इशारा अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्टचा. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर जास्त ठेवलेले असतात, म्हणजे खाच फार रुंद होत नाही. ते परत जागेवर आणायचं काम प्रीअँपचं. काही प्लेअरांत तो आतच असतो, मागच्या बाजूला फोनो आणि लाइन असं बटण असतं. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजवाल्यांना तो लागत नाही, म्हणून काकांच्या प्लेअरला लागला नाही आणि तुमच्याला लागतोय.

७. रेकॉर्डी धुवायच्या कशा?

आधी माझं पाप सांगतो. आत्याच्या घरून आणलेली लाखेची तबकडी, काळी कुळकुळीत, वर बोटभर धूळ. मी हुशारी केली, कापसाला स्पिरिट लावलं आणि गोल गोल पुसत गेलो. कापूस तपकिरी झाला. मला वाटलं, काय मळ निघतोय! तो मळ नव्हता, रेकॉर्ड होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं, मला नव्हतं. त्या तबकडीवर आज बोटाच्या रुंदीचा एक धुरकट पट्टा आहे आणि गाणं तिथं आलं की पावसात भिजल्यासारखं होतं.

तर लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर, काहीही अल्कोहोलवालं लावायचं नाही. साधं गार डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेनं गोल. पाण्यात भिजत ठेवायची नाही. लगेच दुसऱ्या पाण्यानं पुसून उभी वाळवायची. मधलं कागदी लेबल भिजू द्यायचं नाही, शाई गेली की रेकॉर्ड निनावी होते.

एलपीला पाण्याची भीती नाही, तोच उपाय जास्त सढळ हातानं करा. फक्त नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात आणि धुतलेली रेकॉर्ड न धुतलेलीपेक्षा जास्त कडकड वाजते. दाढीचा ब्रश, डोळ्यांचा मऊ ब्रश, लोक काहीही वापरतात. मी तान्ह्या मुलांचा टूथब्रश वापरतो.

८. पावसाळ्यात बुरशी येते. काय करू?

मुंबई, कोकण, गोव्यातून हा प्रश्न जुलैत सुरू होतो. रेकॉर्डपेक्षा कव्हरला धोका जास्त. भिंतीला टेकलेलं कपाट दोन बोटं पुढे ओढा, महिन्यातून एकदा उघडून वारा द्या, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदला. डांबरगोळ्या नकोत, वास पुढच्या पिढीलाही पुरतो. कव्हरच्या आतली जुनी पातळ प्लास्टिकची पिशवी रेकॉर्डला चिकटली असेल तर काढून टाका आणि साधा कागदी लिफाफा घाला. बुरशी आलेली रेकॉर्ड बाकीच्यांत मिसळण्याआधी बाहेर, अंगणात किंवा गॅलरीत, पुसा. पुसायचं कसं ते प्रश्न ७ मध्ये.

रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, पुस्तकांसारख्या, तिरक्या नव्हे. आडव्या थप्पीत खालची बिचारी सगळ्यांचा भार सोसते.

९. एलपी वाकली आहे. उन्हात ठेवून सरळ होईल?

उन्हानंच वाकली असणार. दोन काचांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन, घरातल्या साध्या तापमानात, काही आठवडे. थोडा फरक पडतो. इस्त्री, ओव्हन, केसांचा ड्रायर हे उपाय सुचवणारे लोक आपली रेकॉर्ड कधी दाखवत नाहीत.

१०. ७८ ची रेकॉर्ड खरंच ७८ फेऱ्यांनीच वाजवायची? आमच्याकडची एक फार चिरक्या आवाजात वाजते.

माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. सुरुवातीच्या काळात वेग ठरलेलाच नव्हता. कुठे सत्तरच्या आसपास, कुठे ऐंशीच्या वर, ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या यंत्रावर अवलंबून. ७८ हा आकडा पुढे सर्वमान्य झाला, आणि तोही नेमका नाही. पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर तो ७७.९२ येतो, साठवर ७८.२६.

आता गंमत बघा. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो. म्हणजे बाईंनी काळी दोनमध्ये गायलेलं पद तुम्हाला सफेद तीनमध्ये ऐकू येईल. लयही वाढेल, तान जास्त तयारीची वाटेल. शंभर वर्षांपूर्वीच्या काही गायकांच्या ‘विजेसारख्या’ तानांतली थोडी वीज आपल्या मोटरची आहे, असं मला अनेकदा वाटतं.

मग खरा वेग शोधायचा कसा? वेग कमीजास्त करता येणारा प्लेअर हवा, किंवा संगणकात घेऊन तिथे बदला. पेटीची साथ असेल तर घरातली पेटी समोर घ्या आणि षड्ज जुळवा. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठे तरी सूर लोंबकळत असेल तर वेग चुकलाय. पण यावर पूर्ण विश्वास नको, जुन्या पेट्या आजच्या पेट्यांशी जुळतीलच असं नाही. त्याच गायकाच्या नंतरच्या, खात्रीच्या वेगाच्या रेकॉर्डीतली पट्टी माहीत असेल तर ती जवळची खूण. माझी शेवटची कसोटी तबला. डग्ग्याची घुमक पोकळ डबा बडवल्यासारखी झाली की वेग जास्त आहे. बोलताना ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे झाले तरी तेच. वेग हळूहळू खाली आणत जा. एका ठिकाणी माणूस खोलीत येऊन बसल्यासारखा वाटतो, तिथे थांबा.

चावीच्या फोनोवर वेगळाच घोळ. स्प्रिंग थकलेली असली की शेवटच्या अर्ध्या मिनिटात गाणं उतरत जातं, आणि सगळं घर मिळून ‘चावी, चावी!’ ओरडतं. तो रेकॉर्डचा दोष नाही, स्प्रिंगला तेल-वंगण हवंय.

११. मुलगा अमेरिकेहून सत्तरच्या दशकातला सुंदर टर्नटेबल आणतोय. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

झालं नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही. त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलांत विजेच्या तालावर फिरणारी सिंक्रोनस मोटर असते. तिकडे साठ हर्ट्‌झ, आपल्याकडे पन्नास. म्हणजे वेग एक षष्ठांशानं घटतो, ३३ १/३ चे सत्तावीस-अठ्ठावीस होतात आणि लताबाई बैठकीतल्या बुवांसारख्या वाजतात. माझ्या मावसभावानं असं यंत्र न्यू जर्सीहून मांडीवर ठेवून आणलं. पहिली रेकॉर्ड लागली आणि खोलीत कुणी बोलेना. काही कंपन्यांच्या यंत्रांना पन्नास हर्ट्‌झची वेगळी पुली मिळते, ती शोधावी लागते. अडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरच्या यंत्रांना हा त्रास नाही. इथून तिकडे नेणाऱ्यांना हेच उलटं: गाणं पळतं.

१२. आमच्या प्लेअरवर १६ असाही आकडा आहे. १६ ची रेकॉर्ड कधी पाहिली नाही. ती कसली?

पूर्ण आकडा १६ २/३, ३३ १/३ च्या बरोबर निम्मा. भाषणं, वाचन अशा बोलण्याच्या रेकॉर्डींसाठी तो वेग होता. संगीताला तो पुरेसा नव्हता आणि तो फारसा चाललाही नाही.

पण या वेगाची एक रेकॉर्ड आपल्यासाठी फार मोलाची आहे, आणि ती पृथ्वीवर नाही. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी आहे, १६ २/३ फेऱ्यांची, सोबत कार्ट्रिज आणि सुई. तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला, आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. ध्वनिमुद्रणाबाबत काटेकोर असणाऱ्या या बाईंचा आवाज आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलाय. तुमच्या प्लेअरवरचं ते १६ निरुपयोगी खरंच, पण मी ते बटण पुसून ठेवतो.

१३. जुन्या रेकॉर्डच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव का सांगते?

भारतातलं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झालं, फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ त्यासाठी आला होता. गायिका गौहर जान तेव्हा गायल्या आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगत्या झाल्या. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि रेकॉर्डी तिथे दाबल्या जायच्या. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं, लेबल चुकू नये, हा सरळ व्यवहार. इथे कलकत्त्यात कारखाना १९०८ साली निघाला, पण नाव सांगायची लकब पुढेही काही काळ राहिली. मला ती आवडते. सही केल्यासारखी वाटते.

१४. एचएमव्हीच्या (‘हिज मास्टर्स व्हॉइस’) लेबलावरचा कुत्रा खरंच मालकाचा आवाज ऐकत होता का?

निपर नावाचा कुत्रा खरा होता. चित्रकार फ्रान्सिस बरॉड. त्यानं आधी नळकांड्याचा फोनोग्राफ रंगवला होता. ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेताना त्यावर त्यांचं यंत्र रंगवायला लावलं. मूळ चित्रात रंगाच्या थराखाली पहिलं यंत्र अजून आहे म्हणतात ते खरं आहे.

१५. घ्यायच्या कुठे?

मुंबईत चोरबाजार, मटन स्ट्रीट आणि आसपास. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात आणि पहाटे रस्त्यावरचा जुम्मा बाजार भरतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. अजून तो पत्ता विचारणारे लोक भेटतात.

रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघा. बारीक केसासारखे चरे चालतात. नखाला लागणारा चरा वाजणार, तोही दर फेऱ्याला टक-टक करत. सगळा पृष्ठभाग राखाडी झालेला असेल तर ती ‘घासलेली’, धुऊन ती काळी होणार नाही. आणि कव्हरमध्ये कव्हरवरचीच रेकॉर्ड आहे का तेवढं बघा. घरी येऊन कीर्तनाच्या कव्हरमधून डिस्को काढलेला माणूस मीच.

१६. चकचकीत पितळी कर्ण्याचा फोनो ‘शंभर वर्षं जुना’ म्हणून मिळतोय. घेऊ का?

तो कर्णा बहुधा गेल्या काही वर्षांतला आहे. नवी अष्टकोनी पेटी, नवा पातळ पितळी कर्णा आणि आत एखाद्या मोडलेल्या पेटीफोनोची मोटर, असा हा जोडकाम केलेला माल भारतातून जगभर गेलाय. खुणा: पेटीवर कुत्र्याचं नवंकोरं रंगीत लेबल, कर्णा जिथे बसतो तिथला वाकडातिकडा सांधा, आतल्या यंत्रावरची आणि पेटीवरची झीज न जुळणं. दिवाणखान्यात शोभेला हवा असेल तर शोभेच्या किमतीला घ्या. गाणं ऐकायचं असेल तर कर्ण्याचा मोह सोडा आणि एचएमव्ही १०२ सारखा पेटीफोनो शोधा. कर्णा त्यालाही आहे, पण आत घडी घातलेला, आणि तो जास्त चांगला गातो.

१७. माझ्याकडच्या रेकॉर्डींची किंमत किती?

तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी. गाजलेल्या चित्रपटांच्या एलपी हजारोंनी निघाल्या, लग्नांत भेट दिल्या गेल्या, आजही त्या पोत्यानं सापडतात. जुनी म्हणजे दुर्मीळ नव्हे. भाव येतो तो कमी निघालेल्या, चांगल्या राहिलेल्या रेकॉर्डींना: नाटकमंडळ्यांतल्या विस्मरणात गेलेल्या नटांची पदं, तमाशातल्या लावण्या, शाहिरांचे पोवाडे, कोकणी गाणी, छोट्या देशी लेबलांची ७८. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ लेबलची दिसली तर ठेवून द्या. आधी यादी करा: लेबल, क्रमांक, कलाकार, दोन्ही बाजूंचे फोटो. ‘जुन्या दोनशे रेकॉर्डी’ एवढ्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही.

१८. एकाच एलपीचे दोन क्रमांक दिसतात, ईसीएलपी आणि ईसीएसडी. कुठली चांगली?

एचएमव्हीच्या क्रमांकांत ईसीएलपी म्हणजे मोनो आणि ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. शास्त्रीय संगीतात तसंच ईएएलपी आणि ईएएसडी. आजच्या सुईला दोन्ही चालतात. पन्नास-साठच्या मोनो मुद्रणांना पुढे ओढूनताणून ‘स्टिरिओ’ केलेल्या आवृत्त्या असतात, त्यांच्यापेक्षा मूळ मोनो कधीही बरी.

१९. रेकॉर्ड संगणकात घेऊन सगळ्यांसाठी टाकली तर चालेल का?

ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतात प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे १९३० ची रेकॉर्ड या हिशेबानं मोकळी. पण थांबा. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे मुद्रण मोकळं आणि कविता बांधलेली, असं सर्रास होतं. पारंपरिक बंदिश, संतांचा अभंग असेल तर प्रश्न सोपा. भावगीत, नाट्यपद असेल तर आधी कवी कधी गेले ते बघा. घरच्यासाठी घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, आणि वेगाचा घोळ (प्रश्न १०) तेव्हाच निस्तरा.

२०. जुन्या कव्हरसारखी लग्नपत्रिका किंवा पोस्टर करायचं आहे. ‘रेट्रो’ कसं दिसेल?

कडा पिवळ्या करून आणि कॉफीचे डाग टाकून दिसत नाही. जुन्या छपाईत रंग मोजके असायचे, दोन किंवा तीन. मर्यादा तीच ठेवा. चेहऱ्यासाठी दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघा. चौकटींसाठी मुंबईच्या आर्ट डेको इमारती: १९३३ चं रीगल, १९३८ चं इरॉस, त्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या रेषा, उगवत्या सूर्याचे किरण. मरिन ड्राइव्हवरून चालत गेलात तर फुकटात शंभर नमुने मिळतील.

आणि अक्षर! सगळा जुनेपणा अक्षरात असतो. कव्हरवरची नावं हातानं काढलेली असायची, म्हणून शिरोरेषा थोडी नाचते, वेलांटी पुढच्या अक्षरावर मायेनं हात ठेवते. तुम्हाला काढता येत नसेल तर ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेच्या मोफत देवनागरी फाँटांपासून सुरुवात करा. पण ‘ल’ आणि ‘श’ तपासा. मराठी वळणाचे आहेत की हिंदी, ते आधी बघा. ‘लग्न’ आणि ‘शुभ’ हेच दोन शब्द पत्रिकेवर सगळ्यांत मोठे असतात, आणि तिथेच पितळ उघडं पडतं.

२१. खराब रेकॉर्डीचं घड्याळ किंवा वाडगा केला तर तुम्हाला राग येईल का?

तडा गेलेल्या, घासून राखाडी झालेल्या एलपीचं काय हवं ते करा. पण आधी एकदा वाजवून बघा. एका कॅफेच्या भिंतीवर खिळा मारलेल्या रेकॉर्डींत मी हिराबाई बडोदेकरांची ७८ पाहिली. कॉफी गार झाली, मी लेबल वाचत उभा होतो. मालकानं शेवटी दुसरी एक एलपी बदल्यात घेऊन ती उतरवून दिली. खिळा मधल्या भोकातून गेला होता, म्हणून वाचली. वाजते.

२२. रेकॉर्डचा आवाज खरंच डिजिटलपेक्षा चांगला असतो?

मोजून बघितलं तर नाही. शेवटच्या गाण्यापर्यंत येता येता खाच आत सरकते आणि आवाज दाटतो, खरखर असतेच. मला आवडतो तो वेगळ्या कारणानं. वीस मिनिटांनी उठावं लागतं, म्हणून मी ऐकत असतो. फोनवर गाणं चालू असताना मी भाजी निवडतो.

२३. तुमच्या स्वतःच्या आवडीच्या कुठल्या?

यादी मोठी आहे, तीनच सांगतो. बालगंधर्वांच्या ७८, कारण तीन मिनिटांत पद बसवायची ती घाई आणि तरीही न सुटणारा ठहराव ऐकताना मी दर वेळी घड्याळ बघतो. आता संपणार, आता संपणार, आणि बुवा निवांत. दुसरी, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या तबकड्या. चावीच्या फोनोवर, दिवे मालवून. त्या आवाजाला स्पीकर मानवत नाही असं माझं मत आहे, वाद घालायला या. तिसरी, ख्रिस पेरी यांचं ट्रंपेट आणि लॉर्ना यांचा आवाज असलेली कोकणी ईपी, मडगावात एका बंद पडत चाललेल्या दुकानात घेतलेली. तिला चरा आहे, दुसऱ्या कडव्यात उडी मारते. मी गुणगुणतो तेव्हा मीही तिथे उडी मारतो.

२४. आमच्याकडे ऐकणारं कुणी नाही. कुणाला द्याव्यात?

भंगारवाल्याला देण्याआधी प्रश्न १७ मधली यादी करा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे, तिथे जाणकार भेटतात. जवळच्या संगीत विद्यालयाला विचारा, पण आधी त्यांच्याकडे प्लेअर आहे का तेही विचारा. आणि देताना एक काम करा: कुठली रेकॉर्ड घरात कोण लावायचं, कधी लावायचं, ते कागदावर लिहून कव्हरमध्ये घाला. माझ्याकडे आलेल्या एका एलपीत निळ्या शाईची चिठ्ठी होती: ‘ही फक्त रविवारी. सुई नवीन असेल तरच.’ मी अजून ती रविवारीच लावतो.